दारातल्या चपला

ताडवाडीत तिसऱ्या मजल्यावर
कुमुद तेलंगांचा कॉम्प्युटर आजारी,
म्हणून मला लॅमिंग्टन रोडहून बोलावणं.
"पान दिसतच नाही रे," म्हणाल्या,
"नुसती कपाळपट्टी."

खरंच. पडद्याच्या माथ्यावर सहा टूलबार,
पगडीच्या खोलीत पोटभाडेकरू शिरावेत तसे
एकावर एक,
आणि खाली पान उरलेलं चार बोटं,
मालकानेच स्वतःच्या घरात अंग चोरून बसावं तसं.

हे कोणी घातले?
"मी नाही."
सगळे हेच सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत.
एक आला पत्रिका जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पाठीला चिकटून,
एक फोटो छोटे करणाऱ्याच्या पिशवीतून.
चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली;
आपण आपले पुढे, पुढे, पुढे,
देवळाच्या रांगेत पाठीमागचा ढकलतो तसे.

मग मी माझं ज्ञान पाजळलं.
बनवणाऱ्याचं नाव-गाव बघायचं.
घालण्याआधी काढता येतो का ते बघायचं.
पाच तारे मिरवत असेल तर विचारायचं,
तारे दिले कोणी.
बाई ऐकत होत्या, तोंडी परीक्षा घेतल्यासारख्या.
मग म्हणाल्या, "फुकट म्हणतो ना?
मग जेवतो कुठे?"

अठ्ठावीस वर्षं रेशनिंग ऑफिसात काढलेली बाई.

"कार्ड तपासायला घरोघर जायचो आम्ही.
कार्डावर नावं नऊ, घरात माणसं तीन.
बाकीचे? आत्ताच बाहेर गेले, म्हणायचे.
मी वाद घालत नसे.
दारातल्या चपला मोजायची.
माणूस खोटं बोलतो, चप्पल बोलत नाही."

पंख्याचा आवाज.
मी तिसरा टूलबार काढत होतो.
जाऊ नका म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारत होता,
नक्की? अगदी नक्की?

"एकदा चुकले मात्र," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.
"शिवडीला. नावं सहा, चपला दोन जोड.
चार नावं लाल शाईने कापली.
मागाहून कळलं,
पोरांना चपलाच नव्हत्या."

यावर काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं.
चौथा काढला. पाचवा काढला.

सहाव्यावर एक पिवळा सूर्य,
शेजारी लिहिलेलं: दमाम, ४३ अंश.
मी आत डोकावून पाहिलं.
हाही तसलाच, मावशी.
तुम्ही टाइप कराल तो शब्द न् शब्द
कुठेतरी पोचवतो.
पत्ता नाही, फोन नाही,
नाव तेवढं गोड.

"तो निनादने घातलाय. जाताना."

निनाद अजून तिथे आहेत का, मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
माउसवर माझं बोट तसंच.

"काढ," म्हणाल्या.
मग, "थांब."
चष्मा शोधला. टेबलावर नव्हता, डोक्यावर होता.
भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या,
आणि आजच्या चौकटीत,
दूधवाल्याच्या खाड्याखाली,
रजिस्टरातल्या अक्षरात लिहिलं: ४३.
मागच्या सगळ्या चौकटींत असेच आकडे.
४२. ४४. ४४. एका रविवारी काहीच नाही.

"हं. आता काढ."

सूर्य गेला.
पान वर सरकलं, पार छतापर्यंत,
पांढरं, रिकामं, एवढं मोठं
की आम्ही दोघं जरा वेळ नुसतं बघत राहिलो.

तीनशे रुपये दिले, पावतीवर सही घेतली,
सही दोनदा निरखली.

बाहेर बूट घालताना
नकळत मोजत होतो.
बाईंच्या दोन जोड.
आणि एक पुरुषी, दहा नंबरची,
तळाला कसलीच माती न लागलेली,
दाराकडे तोंड करून नीट ठेवलेली.

मी काही म्हटलं नाही.
जिना उतरलो.